तिसरी टाळी

दीनानाथ टिपणीस चौतीस वर्षं गरबा चुकीचा खेळत होते आणि त्याबद्दल कुणाचीही काही तक्रार नव्हती.

चूक तशी छोटी. बडोद्याच्या समा भागातल्या त्यांच्या सोसायटीत नवरात्रात आरती झाली की तीन टाळ्यांचा गरबा सुरू होतो. पुढे सरकताना एक टाळी, वळताना दुसरी, मागे येताना तिसरी. दीनानाथरावांच्या पहिल्या दोन टाळ्या जिथल्या तिथे पडत. तिसऱ्या वेळेला मात्र ते टाळीच देत नसत. गुडघ्यात वाकून, दोन्ही हात उजव्या पावलापाशी नेऊन, झटक्यात वर येत. यात त्यांचा दोष नव्हता. बडोद्यातल्या मराठी शाळेत पाचवी ते नववी ड्रिलच्या मास्तरांनी त्यांच्या अंगात लेझीम अशी काही मुरवली होती, की ढोल वाजला की त्यांची कंबर 'कुठला ढोल?' म्हणून चौकशी करायला थांबत नसे.

लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात चारुलताबाई रिंगणात त्यांच्या शेजारी होत्या. माहेर अमरावतीचं. गरबा शेजारणींनी चार दिवस आधी शिकवलेला, पण अगदी बरोबर शिकवलेला. नवरा मध्येच वाकला तेव्हा त्यांना वाटलं, काहीतरी पडलं.

"काय पडलं हो?"

"कुठे काय?"

पुढच्या फेरीला नवरा पुन्हा वाकला. त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा. सगळी सोसायटी नव्या नवरीकडे बघायला जमलेली, आणि नवरा जमिनीवर काहीतरी शोधतोय! चारुलताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. निदान लांबून तरी बरं दिसावं म्हणून त्यांनी आपली तिसरी टाळी नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीच्या बरोबर वर, जरा जोरात दिली. ती दोघांच्या वाटची मिळून एक. बघणाऱ्यांना वाटलं, मराठी लोकांत असंच असेल. आणि मग चौतीस वर्षं ते तसंच होत राहिलं. ते वाकायचे, त्या वाजवायच्या. सगळ्यांत बाहेरच्या रिंगणात, जिथे लहान मुलं, गुडघेवाले आणि कडेवर बाळ घेतलेल्या आया असतात, तिथे हे दोघं नऊ दिवस घामाघूम होऊन फिरायचे आणि घरी जाऊन पंख्याखाली हसत बसायचे.

गरबा संपला की लहाणी. म्हणजे जे जे खेळले त्यांना एकेक छोटी भेटवस्तू. कधी स्टीलची वाटी, कधी डबी, कधी चिमटा. नऊ नंबरच्या बंगल्यातले नारणभाई ती वर्षानुवर्षं वाटत आले आहेत. हातात टॉर्च घेऊन प्रत्येकाच्या तोंडावर मारतात आणि एकच प्रश्न विचारतात, "फर्या?" म्हणजे, फिरलात का? एक फेरी जरी फिरला असाल तरी लहाणी मिळते. कसे फिरलात, हे नारणभाईंनी आजवर कुणाला विचारलेलं नाही. नाहीतर टिपणिसांच्या घरात एक चमचासुद्धा आला नसता.

उलट टिपणिसांच्या स्वयंपाकघरात लहाणीचं सगळं जोडीनं होतं. दोन वाट्या, दोन डब्या, दोन झारे. घरात एकाच वेळी दोन झाऱ्यांनी तळणारं कुणी नव्हतं, पण चारुलताबाईंनी त्यातलं कधी काही कुणाला दिलं नाही. करोना ओसरल्यावरच्या वर्षी हात धुवायच्या औषधाच्या दोन बाटल्या मिळाल्या होत्या. त्या रिकाम्या होऊनसुद्धा फळीवर शेजारीशेजारी उभ्या आहेत.

आता दीनानाथरावांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला. त्यांची उभी नोकरी रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये गेली. काम काय, तर काट्यांकडे बघत बसायचं. काटा हिरव्यातून लाल पट्ट्यात गेला नाही, म्हणजे काम उत्तम झालं. म्हणजे आठ तास काहीही घडलं नाही, हीच त्यांची कर्तबगारी. आता, काहीही घडलं नाही म्हणून कोण कुणाची पाठ थोपटतो? शेजारच्या विभागात एकदा आग लागली, ती विझवणाऱ्यांचे हार घालून फोटो निघाले. दीनानाथरावांच्या विभागात पस्तीस वर्षांत आग लागलीच नाही, त्यामुळे फोटो निघायचा प्रश्नच आला नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, पण त्या महिन्यात निवृत्त झालेल्या अकराही जणांना तेच मिळालं. चिमटे नाहीत का सगळ्यांना मिळत, तसं.

तर गेल्या वर्षी सोसायटीत नवी कमिटी आली. तिचा प्रमुख चौदा नंबरचा अनिश. हा कुठल्याशा कंपनीत माणसांना 'मोटिव्हेट' करायचं काम करतो. त्यानं ठरवलं, नुसती लहाणी जुनी झाली, बक्षिसं हवीत. उत्तम पोशाख, उत्तम गरबा, उत्तम ज्येष्ठ खेलैया, म्हणजे गरबा खेळणारा. सगळ्यांच्या छातीवर नंबर टाचले गेले, बाहेरून परीक्षक आले आणि नवव्या दिवशी त्यांतल्या एक बाई, केस पांढरेशुभ्र, हातात पॅड, बाहेरच्या रिंगणापाशी येऊन थबकल्या. त्यांना दिसलं, एक उंच गृहस्थ डोळे मिटून, मजेत, भलतंच काहीतरी करताहेत.

"आवी जूनी देशी स्टाईल हवे क्यां जोवा मळे छे!" अशी जुनी ढब आता कुठे बघायला मिळते, असं त्या माइकवरून म्हणाल्या, आणि ज्येष्ठांचं पहिलं बक्षीस नंबर एकवीस, दीनानाथभाई टिपणीस यांना जाहीर झालं.

चारुलताबाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "अहो, मास्तर असते तर त्यांना द्यायला हवं होतं हो!"

दीनानाथरावही हसले. पण चषक हातात आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या फक्त त्यांच्यासाठी वाजवल्या, आणि त्यांचं हसू जरा वेगळं झालं. घरी आल्यावर त्यांनी चषक टीव्हीवर ठेवला. वर सोनेरी प्लास्टिकची, हात उंच केलेली बाहुली. त्या रात्री ते दोनदा पाणी प्यायला उठले आणि दोन्ही वेळेला टीव्हीसमोरून गेले. पाणी टीव्हीच्या खोलीत नव्हतं.

दिवाळी झाली, संक्रांत झाली. येणाऱ्याजाणाऱ्याला चषक दिसेल अशा खुर्चीवर बसवलं जाऊ लागलं. आणि होळीच्या सुमारास दीनानाथरावांच्या मनात पहिली पाल चुकचुकली. गेल्या वर्षी मिळालं ते ठीक. यंदा नाही मिळालं तर?

हा प्रश्न त्यांना चौतीस वर्षांत कधी पडला नव्हता. पडणार कसा? वाटी 'नाही मिळाली तर' असं असतंच कुठे?

जूनमध्ये त्यांनी गरब्याच्या क्लासला नाव घातलं. शिकवणारी रसिका त्यांच्या मुलीपेक्षाही लहान. पहिल्या दिवशी तिनं ढोल लावला आणि दीनानाथराव तिसऱ्या ठेक्याला वाकले.

"अंकल! नीचे शुं शोधो छो?"

"ही माझी स्टाईल आहे. बक्षीस आहे मला याचं."

"अंकल, ए स्टाईल नथी. ए तो भूल छे," रसिका गोड हसून म्हणाली. "त्रीजी ताळी क्यां छे?"

चूक आहे! म्हणजे आपल्याला बक्षीस चुकून मिळालं. हे कुणाला कळायच्या आत ते बरोबर करून घेतलं पाहिजे. झालं. चार महिने दीनानाथराव आरशापुढे उभं राहून तिसरी टाळी घोटू लागले. चारुलताबाईंच्या ओढणीचं एक टोक कमरेला आणि दुसरं मागच्या कपाटाच्या मुठीला बांधून ठेवत, म्हणजे वाकायला गेलं की हिसका बसायचा. ड्रिलमास्तरांनी पाच वर्षांत मुरवलेली लेझीम रसिकाबेननं पावसाळा संपायच्या आत काढून टाकली.

सुरतेला मुलगी असते, प्राची. शाळेत मुलांची समुपदेशक आहे. ती व्हिडिओवरून रोज बाबांचं ब्लडप्रेशर विचारते, आणि ते यंदा चढलं होतं.

"बाबा, झोप लागते का?"

"लागते. पण स्वप्नात नंबर पुकारतात, आणि माझा पुकारत नाहीत."

"बाबा, ऐका. एका प्रयोगात चित्र काढायला आवडणारी लहान मुलं होती. त्यांना सांगितलं, चित्र काढलंत तर बक्षीस. त्यांनी काढली. नंतर बक्षीस बंद केलं, तर ती मुलं पूर्वीइतकीसुद्धा खडूंकडे जाईनात. आधी खेळ होता, त्याचं काम होऊन बसलं."

"मी काय बालवाडीत आहे?"

"नाही. बालवाडीतली मुलं स्वतःला कपाटाला बांधून घेत नाहीत. खरं सांगा, मजा येते का?"

"मजेचं काय घेऊन बसलीस!" दीनानाथराव म्हणाले. "टाळी बरोबर पडते आता."

मागे चारुलताबाई कणीक मळत होत्या. कणकेला बरंच सोसावं लागलं.

नवरात्र आलं. पहिल्या दिवशी दीनानाथराव नवा घेरदार केडिया घालून, छातीवर एकवीस नंबर टाचून थेट आतल्या रिंगणात गेले. परीक्षक आतलं रिंगण बघतात, असं रसिकानं सांगितलं होतं.

"अहो, मी कुठे उभी राहू?" चारुलताबाईंनी विचारलं.

"तू बाहेरच्याला राहा ना, नेहमीप्रमाणे."

'नेहमीप्रमाणे' म्हणजे काय, हे चारुलताबाईंना तिथे गेल्यावर कळलं. दोन टाळ्या झाल्या आणि तिसरी त्यांनी सवयीनं शेजारी, जरा खाली, पाठीच्या उंचीवर दिली. खाली कुणी नव्हतं. पुढच्या फेरीलाही नव्हतं. अर्ध्या फेरीत त्या बाहेर आल्या आणि खुर्चीवर बसल्या. "गुडघा दुखतोय," त्यांनी सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

आठ दिवस त्या खुर्चीवर बसल्या. आठ दिवस दीनानाथराव आत फिरले. टाळी पहिली, दुसरी, तिसरी, आणि तिसरीनंतर एक नजर परीक्षकांकडे. त्या बाईंनी पॅडवर काही लिहिलं की बरं वाटायचं, पण ते वाटणं पुढच्या टाळीपर्यंतसुद्धा टिकत नसे. लिहिलं नाही की पुढची टाळी आणखी जोरात. पूर्वी गरबा खेळताना त्यांचे डोळे मिटलेले असत. आता ते इतके उघडे असत की आठव्या दिवशी त्यांत चिलट गेलं. पण फायनलच्या पाच जणांत त्यांचं नाव आलं.

नवव्या दिवशी सकाळी ते जेवायला बसले. आमटीला वाटी हवी म्हणून स्वतःच फळीकडे गेले. यंदाच्या लहाणीच्या वस्तू पुढेच ठेवल्या होत्या. वाटी होती, डबी होती, साबणाची पेटी, लिंबू पिळायचं यंत्र. सगळं एकेक.

"चारू, दुसरी वाटी कुठे गेली?"

"कसली?"

"यंदाची. जोडीची."

"यंदा जोडी नाही," चारुलताबाई भात वाढत म्हणाल्या. "मी खेळले नाही, मला कशाला देतील? नारणभाई विचारतात, मी खरं ते सांगते."

"गुडघा फार दुखतो का?"

चारुलताबाईंनी भाताचं पातेलं खाली ठेवलं. "गुडघ्याला काय झालंय? काल मी मांडवीच्या बाजारात दोन तास पायी फिरले. तुम्ही वाकत नाही. मी टाळी कुठे देऊ?"

दीनानाथराव वाटी घेऊन उभे राहिले. नोकरीत एका काट्याकडेही ते सलग एवढा वेळ बघत नसत, तेवढा त्या एका वाटीकडे बघत राहिले. काटा लाल पट्ट्यात गेला होता. आठ दिवस गेला होता, आणि त्यांनी बघितला नव्हता.

पण माणूस मूळचा तंत्रज्ञ. आधी सोपी दुरुस्ती करून बघणार. जेवून ते थेट नारणभाईंच्या ओट्यावर गेले. नारणभाई रात्रीची लहाणी मोजून पोत्यात भरत होते. चहाच्या गाळण्या.

"नारणभाई, एक जास्तीची द्या ना. चारुलतासाठी. आठ दिवसांतलं काही उरलं असेल तर तेही."

नारणभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दीनाभाई, जे फरे एने मळे." जो फिरेल त्यालाच.

"अहो, इतकी वर्षं फिरलीय ती!"

"तो आजे पण फेरवो." तर मग आजही फिरवा. नारणभाईंनी गाळणी पोत्यात टाकली. "लहाणी तो माताजीनी, दीनाभाई. इनाम कमिटीनुं. कमिटी पासे मागो, मळशे."

आरती झाली. अनिशनं माइक फुंकला. "फायनलना पांच ज्येष्ठ खेलैया अंदर आवी जाय! नंबर चार! नंबर अकरा!..." ढोल वाजू लागला. परीक्षक बाईंनी पॅडवर नवा कागद लावला.

दीनानाथराव आत जायला निघाले आणि चालत चालत खुर्च्यांपाशी पोचले.

"चल, चारू."

"अहो, पुकारताहेत तुम्हाला! फायनल आहे ना?"

"आहे ना. बाहेरच्या रिंगणात खेळतो."

"तिथलं परीक्षकांना दिसत नाही."

"मला तरी कुठे ते दिसताहेत? चष्मा घरी ठेवलाय."

चारुलताबाई उठल्या नाहीत. पदर नीट केला, पर्स मांडीवर ठेवली. "मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलंय सगळ्यांना."

"मग तो थांबला म्हणून सांग. आणि हे बघ, चष्मा नाही, रिंगण कुठे आहे तेसुद्धा मला नीट दिसत नाहीये. हात धर."

आता आंधळ्याला हात द्यायचा म्हटल्यावर चारुलताबाई उठल्या. दीनानाथरावांनी छातीवरचा एकवीस नंबर काढला आणि कुठे ठेवायचा ते न कळून त्यांच्याच खुर्चीच्या पाठीला टाचला.

पहिली टाळी. दुसरी. तिसऱ्या ठेक्याला चारुलताबाईंनी हात खाली नेले आणि दीनानाथरावांनी, ताठ उभे राहून, लखलखीत, बिनचूक टाळी दिली.

"अहो, वाका ना!"

"वाकलो नाही का?"

"नाही!"

पुढची फेरी. एक, दोन, पुन्हा टाळी. दीनानाथरावांच्या कपाळाला घाम आला. "येतच नाहीये. त्या रसिकानं पार काढून टाकलंय."

"चौतीस वर्षं चुकलात, आणि आज चुकता येईना?"

"शिकवणी लावू का त्याची?"

चारुलताबाईंना हसू फुटलं. नऊ दिवसांतलं पहिलं. पुढच्या ठेक्याला त्यांनी सरळ नवऱ्याच्या पाठीवर एक धपका घातला, माहेरचा, वऱ्हाडी. दीनानाथराव अर्धे भीतीनं आणि अर्धे हसण्यानं दुमडले, गुडघा कट्‌कन वाजला, आणि त्या गुडघ्यात कुठेतरी दडून बसलेले ड्रिलमास्तर शिट्टी मारत बाहेर आले. हात उजव्या पावलापाशी गेले. वर, पाठीच्या बरोबर वर, टाळी वाजली.

"पडली?" त्यांनी खालूनच विचारलं.

"पडली. उठा आता, मागचे धडकतील!"

मग दीनानाथरावांनी पूर्वीसारखे डोळे मिटून घेतले.

माइकवरून अनिश ओरडत होता, "नंबर एकवीस! नंबर एकवीस क्यां छे?" शेवटी कुणीतरी त्याला दाखवलं. नंबर एकवीस खुर्च्यांच्या रांगेत शांत उभा होता, चारही पायांवर. बक्षीस नंबर अकरा, इंदिराबाई शिर्के यांना गेलं. त्या चषक घेऊन आल्या तेव्हा दीनानाथरावांनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि त्यांना हळूच सांगितलं, "टीव्हीवर ठेवू नका. झोप जाते."

लहाणीची रांग लागली. टॉर्चचा झोत दोघांच्या तोंडावर आला. दोघंही ओलेचिंब, चारुलताबाईंचं कुंकू नाकापर्यंत आलेलं.

"फर्या?" नारणभाईंनी विचारलं.

"फर्या," दोघं एकदम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दसरा. प्राचीचा सकाळीच फोन आला तेव्हा दीनानाथराव ओट्यापाशी चहा गाळत होते. एक गाळणी हातात होती. दुसरी धुऊन वाळत टाकायची होती, आणि तिला टांगायला चारुलताबाईंनी टीव्हीवरची सोनेरी बाहुली आणून खिडकीत ठेवली होती. हात उंच केलेलाच होता तिचा.

"बाबा, काय मिळालं?" प्राचीनं विचारलं.

"गाळण्या," दीनानाथराव म्हणाले. "दोन."